उत्तर टिपून ठेवावे, पण कोणत्या वहीत?

मराठी शाळांत एकेकाळी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकीही घोकून घेतली जात असे. ‘बारा साती चौऱ्याऐंशी’ म्हणणारा विद्यार्थी दर वेळी बारा हा आकडा सात वेळा मिळवत बसत नसे, आणि सतराची दिडकी साडेपंचवीस हे त्याच्या ओठांवरच असे. एकदा मिळालेले उत्तर पुन्हा काढण्यात श्रम घालवू नयेत, ते हाताशी ठेवावे, हा त्यामागचा व्यवहारी विचार. संगणकशास्त्रातही हा विचार रूढ आहे आणि तिथे त्याला ‘मेमोआयझेशन’ म्हणतात.

संगणकाच्या प्रोग्राममध्ये फंक्शन म्हणजे काही माहिती घेऊन तिच्यावरून उत्तर काढून देणारा एक घटक. मेमोआयझेशन केलेल्या फंक्शनला प्रश्न विचारला की ते आधी आपली टिपणवही उघडते. हाच प्रश्न पूर्वी आला असेल तर टिपलेले उत्तर देते. नसेल तर उत्तर काढते, वहीत नोंदवते आणि मग देते. पाढे आणि ही वही यांत एक फरक मात्र आहे. पाढे आधीच तयार असतात, लागोत वा न लागोत. टिपणवहीत विचारल्या गेलेल्या प्रश्नांचीच उत्तरे जमा होतात.

या कल्पनेला नाव दिले ते एडिंबरा विद्यापीठातील संशोधक डोनाल्ड मिकी यांनी. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामात असलेल्या मिकींनी १९६८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ‘मेमो फंक्शन’वर लेख लिहिला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत मेमो म्हटले की कर्मचाऱ्याला घाम फुटतो. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लक्षात ठेवण्याची गोष्ट’ एवढाच आहे.

युक्ती सांगायला दोन वाक्ये पुरतात. अडचण सुरू होते ती वही ठेवायची कुठे, सांभाळायची कोणी आणि रिकामी करायची केव्हा या प्रश्नांपासून. या प्रश्नांची उत्तरे न देता ठेवलेली वही प्रोग्राम मंदावते, मेमरी खाऊन टाकते आणि प्रसंगी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देते. काही प्रोग्रामिंग भाषा हे प्रश्न दृष्टीआड ठेवतात. रस्टसारखी सिस्टिम्स भाषा ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या समोर मांडते. म्हणूनच मेमोआयझेशन खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे तर ते अशा भाषेत पाहणे उपयुक्त ठरते.

लघु-गुरूंची मोजदाद

उदाहरण आपल्या छंदशास्त्रातूनच घेऊ. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. मग ठरावीक मात्रांचा चरण लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या क्रमांनी भरता येईल? एका मात्रेसाठी क्रम एकच: एक लघु. दोन मात्रांसाठी दोन: दोन लघु किंवा एक गुरू. तीन मात्रांसाठी तीन, चारांसाठी पाच, पाचांसाठी आठ. चरणाचा शेवट लघूने झाला तर त्याआधीच्या भागात एक मात्रा कमी असते. गुरूने झाला तर दोन कमी असतात. म्हणून तीन किंवा अधिक मात्रांसाठीचे उत्तर म्हणजे आधीच्या लगतच्या दोन उत्तरांची बेरीज. गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र यांनी बाराव्या शतकात ‘छंदोनुशासन’ या ग्रंथात हा नियम दिला. त्यांच्याही आधी विरहांक या प्राकृत छंदशास्त्रकाराला तो ठाऊक होता. इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. तरी जगभर ही मालिका त्याच्याच नावाने शिकवली जाते.

संगीत नाटकांमुळे गोमंतकीय रसिकांच्या कानांत बसलेल्या दिंडीच्या चरणात १९ मात्रा असतात. यती आणि मात्रांच्या गटांची बंधने बाजूला ठेवली तर १९ मात्रांचे ६,७६५ क्रम होतात. हे उत्तर संगणकाकडून काढून घेण्यासाठी नियम जसाच्या तसा लिहिता येतो. मात्रा एक असेल तर उत्तर एक, दोन असतील तर दोन. एरवी एकाने कमी आणि दोनाने कमी मात्रांसाठी याच फंक्शनला पुन्हा बोलवावे आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करावी.

हा प्रोग्राम अचूक आहे, पण विसराळू आहे. ४० मात्रांचे उत्तर काढायला त्याला ३९ आणि ३८ मात्रांची उत्तरे लागतात. ३९ साठी तो पुन्हा ३८ आणि ३७ काढतो. परिणामी ३८ चे उत्तर दोनदा, ३७ चे तीनदा, ३६ चे पाचदा आणि ३५ चे आठदा काढले जाते. पुनरावृत्तीसुद्धा हेमचंद्रांच्या मालिकेनेच वाढत जाते. १९ मात्रांसाठी फंक्शनला ८,३६१ वेळा बोलवावे लागते. ४० मात्रांसाठी हा आकडा २०,४६,६८,३०९ होतो, म्हणजे वीस कोटींहून अधिक.

आता त्याच फंक्शनच्या हाती वही द्या. प्रत्येक मात्रासंख्येचे उत्तर एकदाच काढले जाते, पुढच्या वेळी केवळ वाचले जाते. १९ मात्रांसाठी ३५ वेळा आणि ४० मात्रांसाठी ७७ वेळा बोलावणे पुरते; बेरजा होतात त्या अवघ्या ३८. उत्तर तेच येते, १६,५५,८०,१४१. संगणक बदलला नाही, नियम बदलला नाही. विसराळूपणा तेवढा गेला. वेगवान यंत्र विकत घेऊन जो फरक पडला नसता तो एका वहीने पडला.

वहीचा मालक कोण?

पायथन भाषेत ही वही मिळवणे फार सोपे आहे. २०११ साली आलेल्या तिच्या ३.२ आवृत्तीपासून प्रमाण ग्रंथालयातच तशी सोय आहे. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की काम झाले. वही कुठे आहे, किती काळ राहणार आहे, याचा विचार लिहिणाऱ्याला बहुधा करावा लागत नाही.

रस्टची घडण वेगळी आहे. ग्रेडन होअर यांनी २००६ साली वैयक्तिक उपक्रम म्हणून सुरू केलेल्या या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१ आवृत्तीपासून त्या प्रणालीच्या गाभ्यातही रस्टला प्रवेश मिळाला. न वापरलेली मेमरी मागाहून गोळा करणारी यंत्रणा रस्टमध्ये नाही. प्रत्येक वस्तूला एक मालक असतो आणि मालकाचे काम संपले की ती वस्तूही मेमरीतून जाते. शिवाय एखादी वस्तू कोणी बदलत असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या कोणाला ती वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही. कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, हा नियम काटेकोरपणे पाळून घेते.

रस्टमध्ये पहिल्यांदा मेमोआयझेशन करू पाहणाऱ्याची गाठ या नियमाशी पडते. वही म्हणून हॅशमॅप घेतला तर त्यात एक सोयीची क्रिया असते: ही नोंद सापडली तर द्या, नसेल तर उत्तर काढून इथेच लिहा. वाचायला ती नेमकी हवी तशी वाटते. पण उत्तर काढण्यासाठी फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावते आणि आतल्या फंक्शनलाही तीच वही लिहिण्यासाठी हवी असते. बाहेरच्याने नोंदीची रिकामी जागा एका हाताने धरून ठेवलेली आणि आतला त्याच वहीत लिहू पाहतो आहे, असा हा पेच आहे. कंपायलर अशा प्रोग्रामला परवानगी देत नाही.

यामागे ठोस कारण आहे. नोंदी वाढल्या की हॅशमॅप मेमरीतील मोठ्या जागेत स्थलांतर करतो. बाहेरच्याने धरून ठेवलेली जागा तेव्हा जुन्या घरातली ठरते आणि तिथे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीत हात घालणे. सी++ मध्ये वाढत्या व्हेक्टरमधील एखाद्या जागेचा पत्ता धरून ठेवला, तर हीच चूक कंपायलरच्या नजरेतून सुटू शकते आणि पुढे केव्हातरी प्रोग्राम कोसळतो किंवा चुकीचे उत्तर देतो. रस्टमधील उपाय साधा आहे. आधी वही उघडून पाहावी, उत्तर असेल तर त्याची प्रत घेऊन परतावे. नसेल तर वही मिटवून उत्तर काढावे आणि मग पुन्हा उघडून नोंद करावी. एका शोधाऐवजी दोन शोध होतात, पण वही एका वेळी एकाच्याच हाती राहते.

वही कोणाच्या मालकीची, याला तीन-चार उत्तरे संभवतात. बोलावणाऱ्याने ती स्वतःकडे ठेवून फंक्शनला दर वेळी उसनी द्यावी, हा सर्वांत स्वच्छ मार्ग. काम संपले की वहीही संपते. दुसरा मार्ग सगळ्या प्रोग्रामसाठी एकच सामाईक वही ठेवण्याचा. मात्र एकाच वेळी अनेक धागे, म्हणजे समांतर चालणारी कामे, तिच्यात लिहू शकतात. म्हणून रस्ट तिला म्युटेक्स नावाचे कुलूप लावायला भाग पाडतो. कुलूप आपल्याच हाती असताना फंक्शनने स्वतःला बोलावले आणि आतल्याने तेच कुलूप मागितले, तर प्रोग्राम तिथेच अडकतो किंवा बंद पडतो. इथे कंपायलर मदतीला येत नाही. उत्तर काढायला निघण्यापूर्वी कुलूप सोडण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच. तिसरा मार्ग प्रत्येक धाग्याला स्वतंत्र वही देण्याचा. त्यात कोणी कोणाची वाट पाहत नाही, पण तेच उत्तर प्रत्येक वहीत वेगळे काढावे लागते.

नोंद शोधण्याचीही किंमत

टिपलेले उत्तर फुकट मिळते, असे मानणे चुकीचे आहे. हॅशमॅपमध्ये नोंद शोधताना आधी प्रश्नावरून एक सांकेतिक आकडा काढावा लागतो आणि त्यावरून जागा ठरते. रस्टचा हॅशमॅप यासाठी सिपहॅश या कुळातली पद्धत वापरतो. ज्याँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी २०१२ साली मांडलेली ही पद्धत, मुद्दाम निवडलेले प्रश्न पाठवून वही तुंबवणाऱ्या हल्लेखोरापासून संरक्षण देते. त्या संरक्षणासाठी थोडा वेळ मोजावा लागतो. दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या फंक्शनला अशी वही जोडली, तर शोधाचा खर्च बेरजेपेक्षा अधिक होईल.

दुसरा खर्च मेमरीचा. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमधील माहिती साधारण एका नॅनोसेकंदात हाती येते. मुख्य मेमरीतून आणायची तर सुमारे १०० नॅनोसेकंद लागू शकतात. वही फुगली की ती जवळच्या कॅशमध्ये मावत नाही आणि प्रत्येक शोध दूरचा प्रवास ठरतो. तेवढ्या अवधीत प्रोसेसर शेकडो साध्या क्रिया करू शकतो. म्हणून मेमोआयझेशन शोभते ते महागड्या आणि पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना.

वहीचा आकारही प्रश्नांचे स्वरूप पाहून निवडता येतो. आपल्या उदाहरणातील प्रश्न एकापासून सुरू होणारे लहान पूर्णांक आहेत. त्यांना हॅशमॅपची गरजच नाही. ओळीने मांडलेल्या क्रमांकित कप्प्यांची साधी सारणी पुरते. तिच्यात तिसरा कप्पा शोधावा लागत नाही, तो तिसऱ्या जागीच असतो. ६४ बिटांच्या पूर्णांकात ९२ मात्रांपर्यंतचीच उत्तरे मावतात, म्हणजे सगळी सारणी ७३६ बाइटांची. ९३ मात्रांचे उत्तर ६४ बिटांत बसत नाही. रस्टची चाचणीसाठीची बांधणी अशा वेळी प्रोग्राम थांबवते. वितरणासाठीच्या बांधणीत वेगळी सूचना दिली नसेल, तर आकडा गुंडाळला जाऊन गुपचूप चुकीचा होतो. टिपणवही तो चुकीचा आकडाही तितक्याच इमानाने जपून ठेवते. मर्यादा तपासूनच बेरीज करणारी क्रिया रस्टमध्ये आहे. टिपण्यापूर्वी ती वापरावी.

प्रश्न पूर्ण लिहिला आहे का?

टिपलेले उत्तर विश्वासाने परत देण्यासाठी एक अट आहे: त्याच प्रश्नाला नेहमी तेच उत्तर असले पाहिजे. सात मात्रांचे क्रम आजही २१ आणि उद्याही २१. पण वीजबिल काढणारे फंक्शन घ्या. त्याला केवळ युनिटांची संख्या दिली आणि दर ते दुसऱ्या ठिकाणाहून वाचत असेल, तर दर बदलल्यानंतरही वही जुनेच बिल देत राहील. दोष वहीचा नाही. प्रश्न अर्धवट लिहिला गेला आहे. उत्तर ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या सगळ्या प्रश्नात आल्या पाहिजेत: युनिट, दर आणि ग्राहकाचा वर्ग. आजची तारीख, फाइलमधील मजकूर किंवा यादृच्छिक आकडा यांवर चोरून अवलंबून असलेले फंक्शन टिपण्याच्या लायकीचे नसते.

अर्धवट प्रश्नाचा याहून गंभीर परिणाम खासगीपणावर होतो. २५ डिसेंबर २०१५ रोजी व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानात काही ग्राहकांना आपल्या खात्याच्या जागी परक्याचे पान दिसू लागले. सेवेवरील हल्ल्याला तोंड देताना लागू केलेल्या कॅशच्या चुकीच्या मांडणीमुळे, एका ग्राहकासाठी तयार झालेली पाने दुसऱ्याला दिली गेली. सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती या प्रकारात उघड झाली असावी, असे कंपनीने नंतर जाहीर केले. ती कॅश संकेतस्थळाच्या पानांची होती, फंक्शनची नव्हे. तत्त्व मात्र एकच. ‘माझे खाते दाखवा’ या प्रश्नात ‘मी कोण’ हे लिहिलेले नसेल, तर वही पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देणारच.

दशांश आकडे प्रश्न म्हणून वापरताना वेगळीच अडचण येते. संगणकाच्या अंकगणितात शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची बेरीज शून्य दशांश तीनशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे डोळ्यांना तोच दिसणारा प्रश्न वहीत सापडत नाही. ‘नॅन’ नावाचा एक विशेष आकडा तर स्वतःशीही समान नसतो. रस्ट म्हणूनच असे आकडे हॅशमॅपच्या किल्लीच्या जागी थेट वापरू देत नाही. सुरुवातीला हा आडमुठेपणा वाटतो. पण कधीच न सापडणाऱ्या नोंदींनी वही भरत जाण्यापेक्षा आधीच अडवलेले बरे.

विसरण्याची तरतूद

महिनोन्महिने अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर न विसरणारी वही ही सावकाश वाढणारी गळती असते. प्रत्येक नवा प्रश्न एक नोंद वाढवतो आणि जुनी नोंद कोणी पुसत नाही. रस्ट मेमरीच्या अनेक चुका अडवतो, पण ही अडवत नाही. कारण त्याच्या दृष्टीने वहीला मालक आहे आणि मालक अजून जिवंत आहे. तेव्हा मर्यादा लिहिणाऱ्यानेच घालायची. सर्वांत जास्त काळ न विचारलेली नोंद आधी काढून टाकणे ही रुळलेली पद्धत आहे. पायथनमधील वर उल्लेखिलेली सोय मर्यादा न सांगितल्यास १२८ नोंदीच ठेवते. काही ठिकाणी नोंदीला मुदत घालतात, काही ठिकाणी मूळ माहिती बदलताच संबंधित नोंदी पुसतात. कोणती रीत निवडावी हे कामावरून ठरते, पण कोणतीच न निवडणे हा पर्याय नाही.

या सगळ्यानंतर आपल्या मात्रांच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. वहीमुळे पुनरावृत्ती थांबली, तरी फंक्शन स्वतःला एकात एक बोलावतच खाली उतरते. मात्रा लाखांत गेल्या तर बोलावण्यांची ही उतरंड तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावत नाही. रस्टमध्ये नव्या धाग्याला ती जागा साधारणपणे दोन मेगाबाइट मिळते. वर चढत गेले तर ही अडचण राहत नाही. रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात ‘डायनॅमिक प्रोग्रामिंग’ या नावाने मांडलेल्या विचारातली ही रीत आहे: लहान प्रश्नांची उत्तरे आधी काढावीत आणि त्यांवरून मोठ्यांची. आणि इथे प्रत्येक पायरीवर लागतात ती फक्त मागची दोन उत्तरे. बाकीच्या नोंदी ठेवण्याचे कारणच उरत नाही. हॅशमॅप नको, सारणी नको, कुलूप नको. हेमचंद्रांचा नियमही मागच्या दोन संख्यांपलीकडे काही मागत नाही. महागड्या फंक्शनसाठी वही जरूर आणावी, पण त्याआधी प्रश्नाला मुळात किती आठवण लागते हे कागदावर मांडून पाहावे. कधी कधी दोन आकड्यांत काम भागते.